सॅटेलाइट नेटवर वेब प्रॉक्सी आणि प्रोटोकॉल ट्यूनिंग : कोकणातल्या नवख्यांसाठी

कोकणात सॅटेलाइट नेट घेणारे वाढायला लागलेत आणि घेतल्यावर जवळपास प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, स्पीड टेस्ट १० एमबीपीएस दाखवते, व्हिडिओ बऱ्यापैकी चालतो, मग साधं सातबाऱ्याचं पान उघडायला एवढा वेळ का लागतो? देवगडचा बागायतदार असो ज्याला एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी बघायच्यात, गुहागरजवळ होमस्टे चालवणारी ताई असो, नाहीतर मंडणगडच्या डोंगरातली शाळा असो, तक्रार हीच. हा लेख त्यांच्यासाठी आहे, म्हणजे नेटवर्किंग शिकलेलं नाही पण राउटरचं पान उघडता येतं आणि लिनक्सवर चार कमांड टाकायची भीती वाटत नाही अशांसाठी.

सॅटेलाइटची गरज का पडते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, वाडी खाली व्हाळाच्या काठाला, फायबर तिथपर्यंत आलेलं नाही आणि मोबाइलची रेंज बघायला सड्यावर जावं लागतं. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत खांब, टॉवर सगळं झोपलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. खांब आणि केबल नसलेलं नेट हवं असं तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटायला लागलं, आणि ते अगदी बरोबर आहे. फक्त हे नेट वायरच्या नेटसारखं वागत नाही, त्याला त्याच्या पद्धतीने जुळवून घ्यावं लागतं.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा : फेऱ्या मोजा

दाभोळ-धोपावे फेरीबोट तुम्हाला माहीत असेल. बोट कितीही मोठी असली तरी एक गाडी पलीकडे नेऊन, तिकडून निरोप घेऊन, परत येऊन दुसरी गाडी न्यायची म्हटलं तर दिवस जातो, आणि सगळ्या गाड्या एकदम चढवल्या तर एका फेरीत काम होतं. सॅटेलाइटचं नेमकं हेच आहे. एमबीपीएस म्हणजे बोटीची रुंदी, आणि पिंगमध्ये दिसतो तो एका फेरीचा वेळ.

भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुमच्या डिशपासून वर आणि तिकडून खाली गेटवेपर्यंत, म्हणजे कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्रापर्यंत, मिळून ७१ हजार किलोमीटरच्या वर, प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास २४० मिलीसेकंद लागतात, उत्तर यायला तेवढेच परत, वर मोडेमचा आणि गेटवेचा वेळ धरला की पिंग ५५० ते ७०० च्या मधे कुठेतरी येतो. हे कोणतीही कंपनी, कोणताही महागडा राउटर कमी करू शकत नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये जी एचटीएस (जास्त क्षमतेच्या उपग्रहांवरची) ब्रॉडबँड सेवा इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वर सुरू झाली ती याच जातीची. खालच्या कक्षेतले उपग्रह वेगळे, स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर, वनवेबचे १,२०० किलोमीटरवर, तिथे पिंग मिलीसेकंदांच्या दोन आकड्यांत येऊ शकतो. तुमचं नेट यातलं कुठलं आहे ते आधी बघा, कारण खालचे अर्धे उपाय भूस्थिरवाल्यांसाठीच आहेत. पिंग ४०-५० येत असेल तर डीएनएस आणि रांगेचा भाग वाचा, बाकी सोडून दिलंत तरी चालेल.

आता एक नवीन वेबसाइट उघडताना किती फेऱ्या होतात बघा. नावाचा पत्ता विचारायला, म्हणजे डीएनएसला १. टीसीपीचं, म्हणजे पावत्या घेत डेटा पोचवणाऱ्या पद्धतीचं, नमस्कार-चमत्कार १. टीएलएस, म्हणजे कुलूप लावायला, २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये १ आणि जुन्या १.२ मध्ये २. मग पान मागायला १. म्हणजे ६०० च्या पिंगला पहिला बाइट यायलाच २.४ सेकंद, आणि एका पानात पाच-सात वेगवेगळी डोमेन असतात, फॉन्ट एकाकडून, फोटो दुसऱ्याकडून, नकाशा तिसऱ्याकडून, त्यातली काही एकामागून एक उघडतात. एवढ्यावर संपत नाही. टीसीपी नवीन कनेक्शनवर जपून सुरुवात करतं, याला स्लो स्टार्ट म्हणतात, पहिल्या फेरीत १० पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) म्हणजे साधारण १४ केबी, मग २८, मग ५६ असं दुप्पट होत जातं. १ एमबीची फाइल यायला अशा ७ फेऱ्या लागतात, म्हणजे ४ सेकंदांच्या वर, जी १० एमबीपीएसच्या लाइनीवर खरं तर ०.८ सेकंदात यायला हवी. तुमचा हरवलेला वेग इथे आहे. पुढे जे काही करायचंय ते एवढ्यासाठीच, फेऱ्या कमी करायच्या आणि तापलेलं कनेक्शन थंड होऊ द्यायचं नाही.

सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहितेय, मशीनवर टाकताना हेच शब्द इंग्रजी अक्षरांत टाका, अंडरस्कोर जिथे दाखवलाय तिथेच.

पायरी १ : मोजून वहीत लिहा

काही बदलायच्या आधी मोजमाप घ्या, नाहीतर नंतर फरक पडला की नुसता वाटला ते कळत नाही. लॅपटॉप केबलने राउटरला लावा, वायफाय मधे नको, चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे वायफायच इतकं खाली-वर होतं की सॅटेलाइटवर खापर फुटतं. मग पिंग चालू ठेवून दोन-तीन मिनिटं बघा, साधा आकडा किती, मधेच उडी किती मारतो, पाकिटं किती गळतात. दुसरं, कर्ल नावाचं छोटं साधन असतं, विंडोज १० च्या पुढे आणि लिनक्सवर सहसा आधीपासूनच असतं, त्याला राइट-आउटचा पर्याय देऊन हे पाच वेळ छापून घ्या : टाइम_नेमलुकअप, टाइम_कनेक्ट, टाइम_अ‍ॅपकनेक्ट, टाइम_स्टार्टट्रान्सफर आणि टाइम_टोटल. हे सगळे सुरुवातीपासून मोजलेले असतात, म्हणून आधीचा वजा केला की त्या-त्या टप्प्याचा वेळ मिळतो. चार-पाच वेगवेगळ्या साइटवर घ्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी एकदा.

विंडोज असेल तर अजून एक बघून घ्या, टीसीपीच्या ग्लोबल सेटिंगमध्ये रिसीव्ह विंडो (पावती यायच्या आधी किती डेटा वाटेत असू शकतो ती मर्यादा) ऑटो-ट्यूनिंग "नॉर्मल" आहे ना. इंटरनेट बूस्टर नावाची जी फुकट सॉफ्टवेअरं असतात ती कधी कधी हे बंद करून ठेवतात. बंद असेल तर विंडो ६५,५३५ बाइटवर अडकते, आणि ६०० मिलीसेकंदांच्या फेरीला तेवढ्या विंडोत जास्तीत जास्त ८७० केबीपीएसच्या आसपास मिळतं, मग तुमचा प्लॅन १० चा असो की ५० चा. विंडो मोठी करायची सोय टीसीपीत १९९२ पासून आहे, ती फक्त चालू असावी लागते.

पायरी २ : डीएनएस घरात आणा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर फळ देणारी पायरी हीच, आणि लोक हीच सोडतात. घरातल्या राउटरवर किंवा एखाद्या रास्पबेरी पायवर (छोटा स्वस्त संगणक) अनबाउंड, म्हणजे नावांची उत्तरं घरातच साठवणारा, कॅश करणारा डीएनएस प्रोग्रॅम, बसवा आणि सगळ्या फोन-लॅपटॉपना डीएनएस म्हणून त्याचा पत्ता द्या. त्यात दोन गोष्टी चालू करा, प्रीफेच, म्हणजे वारंवार लागणारी नावं मुदत संपायच्या आधीच ताजी होतात, आणि सर्व्ह-एक्स्पायर्ड, म्हणजे मुदत संपलेलं उत्तर आधी देऊन मागून नवीन आणलं जातं. फेरी वाचली.

इथे एक सांभाळा. अनबाउंडला स्वतःहून मुळापासून शोधायला लावू नका, रूट सर्व्हर, मग डॉट-इनवाले, मग त्या साइटवाले अशा तीन-चार फेऱ्या सॅटेलाइटवरून होतील. त्याला फॉरवर्डर म्हणून तुमच्या कंपनीचा डीएनएस द्या, तो शोधाशोध जमिनीवर करेल आणि आपली एकच फेरी जाईल. आणि ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएस चालू असेल तर ब्राउझर घरातल्या कॅशला विचारतच नाही, ते सेटिंग बघून घ्या.

पायरी ३ : मोडेमच्या पोटात पीईपी आहे का ते ओळखा

प्रॉक्सी म्हणजे तुमच्या वतीने पलीकडच्या सर्व्हरशी बोलणारा मधला प्रोग्रॅम, आणि पीईपी म्हणजे परफॉर्मन्स एन्हान्सिंग प्रॉक्सी, २००१ च्या आरएफसी ३१३५ या इंटरनेटच्या दस्तऐवजामध्ये याचं सविस्तर वर्णन आहे. भूस्थिर सेवेच्या मोडेममध्ये ही बहुतेक वेळा आधीपासूनच असते आणि कुणी सांगत नाही. ती करते काय, तर तुमच्या लॅपटॉपला मोडेमच "पोचलं पोचलं" अशी पावती देऊन टाकतो, सॅटेलाइटवरून आपल्या खास पद्धतीने डेटा नेतो, आणि पलीकडे गेटवेवर दुसरं टीसीपी कनेक्शन उघडतो. एका लांब कनेक्शनचे तीन तुकडे.

ओळखायचं कसं? पायरी १ चे आकडे काढा. पिंग ६२० आहे आणि कनेक्ट उणे नेमलुकअप फक्त ५-१० मिलीसेकंद येतंय, तर उत्तर पलीकडचा सर्व्हर देतच नाहीये, मोडेम देतोय. पीईपी आहे. तो आकडाही ६०० च्या आसपास आला तर बहुधा नाही, किंवा असली तरी सुरुवातीचं कनेक्शन ती आपल्या हातात घेत नाही.

हे कळणं फार महत्त्वाचं आहे कारण पुढचं सगळं यावर फिरतं. चांगली पीईपी असेल तर लॅपटॉपवर टीसीपीचं काहीही बदललंत तरी सॅटेलाइटच्या पट्ट्यावर त्याचा परिणाम होत नाही, तुमचं टीसीपी मोडेमपाशीच संपतं. आणि तुम्ही व्हीपीएन (सगळी वाहतूक कुलूपबंद बोगद्यातून नेणारी सोय) लावलंत तर पीईपी आंधळी होते, तिला आतलं टीसीपी दिसतच नाही, म्हणून ऑफिसचं व्हीपीएन लावल्यावर नेट अचानक मंद वाटतं. टीएलएसचं तसं नाही, ते टीसीपीच्या आत असतं, वरचं पाकीट पीईपीला दिसतं, तेवढं तिला पुरतं.

पायरी ४ : क्विकचं काय करायचं

क्विक हा २०२१ मध्ये प्रमाण झालेला प्रोटोकॉल, एचटीटीपी/३ यावरच चालतं, आणि मोठमोठ्या साइट आज हेच वापरतात. यूडीपीच्या (टीसीपीसारखी पावती न घेणाऱ्या पद्धतीच्या) ४४३ पोर्टवरून जातं आणि वाहतुकीचा भागसुद्धा कुलूपबंद असतो, म्हणून पीईपीला त्यात हात घालता येत नाही. एरवी हा प्रोटोकॉल उत्तम आहे, टीसीपी आणि टीएलएसच्या दोन फेऱ्या एकीतच उरकतो, ओळखीच्या सर्व्हरला तर पहिल्याच पाकिटात मागणी पाठवू शकतो. पण त्यालाही जपून सुरुवात करावीच लागते, आणि ती पूर्ण ६०० मिलीसेकंदांच्या फेऱ्यांवर.

माझं मत असं आहे की पीईपी असलेल्या भूस्थिर लाइनीवर राउटरच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणारा यूडीपी ४४३ बंद करून एक आठवडा वापरून बघावं. ब्राउझर आपोआप टीसीपीवर येतात आणि पीईपीचा फायदा मिळायला लागतो, मोठी पानं आणि डाउनलोड यात फरक दिसतो. बंद करताना "ड्रॉप" नको "रिजेक्ट" ठेवा, म्हणजे ब्राउझर वाट बघत बसत नाही. नंतर एखादा व्हिडिओ कॉल लावून खात्री करून घ्या. पीईपी नसेल किंवा खालच्या कक्षेचं नेट असेल तर क्विकला अजिबात अडवू नका, तिथे तोच चांगला आहे.

पायरी ५ : पलीकडच्या काठावर आपला माणूस

पीईपी नाही, किंवा आहे पण समाधान नाही, तर स्वतःची प्रॉक्सी. इथे नवख्यांचा एक गैरसमज दूर करायला हवा. लोक घरात स्क्विड नावाची प्रॉक्सी बसवतात आणि म्हणतात काही फरक नाही. कसा पडणार? एके काळी पानं साधी एचटीटीपीवर यायची, घरातली प्रॉक्सी ती साठवून ठेवायची. आज जवळपास सगळं एचटीटीपीएस आहे, प्रॉक्सीला आतलं काही दिसत नाही, साठवता येत नाही. दुसऱ्यांच्या फोनवर खोटं सर्टिफिकेट टाकून कुलूप फोडणारे उपाय इंटरनेटवर सापडतील, ते करू नका, गावातल्या लोकांचे बँकेचे पासवर्ड त्या रस्त्याने जातात.

आणि दुसरं म्हणजे डाउनलोडचा वेग ठरवतो पाठवणारा. स्लो स्टार्ट तिकडचा सर्व्हर करतो, तुम्ही घरात बसून त्याचं टीसीपी बदलू शकत नाही. म्हणून प्रॉक्सी पलीकडे हवी, जमिनीवर, गेटवेच्या जवळ. मग तिकडच्या सर्व्हरशी ती थोड्या मिलीसेकंदांत बोलते, आणि ती ते तुमच्यापर्यंत सॅटेलाइटवरून एकाच, कायम उघड्या, तापलेल्या कनेक्शनवर पाठवते. पाठवणारं मशीन आता तुमचं आहे, त्याचं टीसीपी तुम्ही हवं तसं लावू शकता. सगळा खेळ एवढाच आहे.

त्यासाठी भाड्याने एक छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधलं आभासी लिनक्स मशीन) घ्या, अगदी लहान चालतो. मुंबईतला बघा, पण आधी ट्रेसरूट (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा वेळ दाखवणारी कमांड) करा, सॅटेलाइटची ६०० ची उडी झाल्यावर पुढे व्हीपीएसपर्यंत किती मिलीसेकंद वाढतात ते बघा, जितके कमी तितकं चांगलं. परदेशातला स्वस्त मिळाला तरी नको, फेरी लांबते आणि काही सरकारी साइट परदेशी पत्त्यावरून उघडत नाहीत.

पहिला प्रयोग एसएसएचने (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या कमांडने) करा, त्याला काही बसवावं लागत नाही. एसएसएचमध्ये डायनॅमिक फॉरवर्डचा पर्याय आहे, तो लावून जोडणी केली की तुमच्या लॅपटॉपवर सॉक्स प्रॉक्सी तयार होते. फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये सॉक्स व्ही५ म्हणून तो पोर्ट द्या आणि डीएनएससुद्धा प्रॉक्सीतून न्यायची खूण करा. सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० सेकंद ठेवा म्हणजे कनेक्शन मरत नाही. आता डीएनएस आणि टीसीपीचं काम पलीकडे होतं, तुमच्या बाजूने प्रत्येक नव्या साइटला चारऐवजी तीन फेऱ्या होतात. पण खरी कमाई स्लो स्टार्टची आहे, ती १ एमबीची फाइल चार सेकंदांवरून एक-दीड सेकंदावर येऊ शकते कारण रस्ता आधीच मोकळा केलेला असतो. दोन-चार दिवस असं वापरा. फायदा दिसला तरच पुढची पायरी, नाहीतर व्हीपीएसचे पैसे वाचवा.

टीसीपीवर चालणारं व्हीपीएन आणि हे एकच नाही बरं का. त्या व्हीपीएनमध्ये टीसीपीच्या आत टीसीपी जातं, एक पाकीट गळलं की आतलं आणि बाहेरचं दोघंही तेच परत पाठवायला धावतात. प्रॉक्सीत आतलं टीसीपी घरातच संपतं, नुसता मजकूर पुढे जातो.

पायरी ६ : कायमची प्रॉक्सी

व्हीपीएसवर स्क्विड बसवा, ३१२८ पोर्टवर, पण फक्त त्याच मशीनच्या आतून ऐकेल असा, आणि पासवर्ड लावा. प्रॉक्सी जगाला उघडी राहिली तर काही तासांत कुणीतरी शोधून काढतं आणि तुमच्या नावावर भलतेच उद्योग चालतात, यात हयगय नको. स्क्विडच्या पुढे एनजीएचटीटीपीएक्स नावाचा प्रोग्रॅम (बाहेरून येणारं कुलूपबंद कनेक्शन घेऊन आत स्क्विडला देणारा) एचटीटीपी२-प्रॉक्सी मोडमध्ये ठेवा, त्याला तुमच्या डोमेनचं टीएलएस सर्टिफिकेट द्या. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही एचटीटीपीएस प्रॉक्सी कळते, पॅक फाइलमध्ये (कुठली साइट कुठल्या रस्त्याने न्यायची हे ब्राउझरला सांगणारी फाइल) नाव आणि पोर्ट दिला की ब्राउझर सगळ्या साइटची वाहतूक एकाच एचटीटीपी/२ कनेक्शनमधून समांतर नेतो.

इथे एक अडथळा आहे आणि तो बऱ्याच लेखांत सापडत नाही. टीसीपीची विंडो मोठी केलीत तरी एचटीटीपी/२ ची स्वतःची वेगळी विंडो असते, आणि तिची मूळ किंमत परत तीच ६५,५३५ बाइट! डाउनलोडला ब्राउझर स्वतः मोठी विंडो मागतात म्हणून अडत नाही, पण अपलोडला घेणारी बाजू व्हीपीएस असते आणि तिथे मूळ किंमत राहिली तर होमस्टेचे फोटो ८७० केबीपीएसच्या वर जाणारच नाहीत. एनजीएचटीटीपीएक्समध्ये फ्रंटएंड-एचटीटीपी२-विंडो-साइझ आणि फ्रंटएंड-एचटीटीपी२-कनेक्शन-विंडो-साइझ हे दोन्ही १-२ एमबीवर न्या. एक वाढवून दुसरं राहिलं तर उपयोग नाही, दोन्ही.

फोनवर वायफायच्या सेटिंगमधली प्रॉक्सी साधी असते, टीएलएसशिवायची, ती थेट व्हीपीएसला लावू नका, पासवर्ड उघडा जाईल. माझ्या मते फोन असेच राहू द्यावेत, प्रॉक्सी लॅपटॉप आणि शाळेच्या पीसींसाठी ठेवावी.

पायरी ७ : व्हीपीएसचं टीसीपी

आता तो पाठवणारा नीट लावायचा. लिनक्सवर मूळ गर्दी-नियंत्रण, म्हणजे किती वेगाने पाठवायचं ते ठरवणारी पद्धत, क्युबिक असतं. क्युबिक पाकीट गळालं की गर्दी आहे असं समजून वेग एकदम उतरवतं, पावसाने गळालं तरी. शिवाय त्यात हायस्टार्ट नावाचा भाग आहे, तो वेळ जरा वाढला की "झालं भरलं" समजून स्लो स्टार्ट अर्ध्यावर सोडतो, आणि सॅटेलाइटवर वेळ तर उगाचच खाली-वर होत असतो. म्हणून बीबीआर ही दुसरी पद्धत. गूगलने २०१६ मध्ये आणलं, लिनक्स ४.९ पासून आत आहे. नेट.आयपीव्ही४.टीसीपी_कंजेशन_कंट्रोल याला बीबीआर द्या आणि नेट.कोर.डिफॉल्ट_क्यूडिस्क याला एफक्यू. क्युबिकवरच राहायचं असेल तर टीसीपी_स्लो_स्टार्ट_आफ्टर_आयडल शून्य करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही पान वाचत बसलात तेवढ्यात कनेक्शन थंड होतं आणि पुढच्या क्लिकला परत पहिल्यापासून सुरुवात. बीबीआरला याची गरज पडत नाही.

बफर, म्हणजे वाटेतल्या डेटासाठी राखलेली मेमरी, किती? हिशोब सोपा आहे, वेग गुणिले फेरीचा वेळ. १० एमबीपीएस गुणिले ०.६ सेकंद म्हणजे ६ मेगाबिट, म्हणजे ७५० केबी एका वेळी हवेत असायला हवं. लिनक्स घेण्यासाठी सहसा ६ एमबीपर्यंत आणि पाठवण्यासाठी ४ एमबीपर्यंत वाढू देतं, म्हणजे १० च्या प्लॅनला काही करायचंच नाही. ४० एमबीपीएस असेल तर ३ एमबी लागतील, तेव्हा टीसीपी_डब्ल्यूमेम आणि टीसीपी_आरमेम यांचा शेवटचा आकडा ८ एमबी करा. कुठून तरी ६४ एमबीची सेटिंग उचलून टाकू नका, लहान व्हीपीएसची मेमरी तशीच संपते. टीसीपी_नॉटसेंट_लोवॅट १३१०७२ ठेवलंत तर मोठा डाउनलोड चालू असताना छोटं पान मागे अडकत नाही.

पायरी ८ : घरातली रांग

हा भाग सगळ्यांसाठी, कक्षा कुठलीही असो. सॅटेलाइटचा अपलोड लहान असतो, कुणी फोनमधून लग्नाचे फोटो क्लाउडवर टाकायला लागलं की मोडेममध्ये रांग लागते आणि बाकी सगळ्यांचं नेट थांबतं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घ्या, त्यात एसक्यूएम, म्हणजे रांग सांभाळणारी सोय, बसवा आणि तिच्यात केक ही पद्धत निवडा. अपलोडचा मोजलेला वेग जो असेल त्याच्या ८५ टक्के टाका, म्हणजे रांग मोडेममध्ये लागण्याऐवजी राउटरमध्ये लागते आणि केक ती सगळ्यांत वाटून देतो.

केक मुळात १०० मिलीसेकंदांची फेरी धरून चालतो. पीईपी नसलेल्या भूस्थिर लाइनीवर हे तसंच ठेवलं तर तो पाकिटं फार लवकर टाकतो आणि वेग पडतो, त्यासाठी त्यात "सॅटेलाइट" हा तयार शब्दच आहे, तो १,००० मिलीसेकंद धरतो. अ‍ॅक-फिल्टरसुद्धा चालू करा. १० एमबीपीएसने डाउनलोड चालू असताना नुसत्या पावत्यांनाच पावणेदोनशे केबीपीएसच्या आसपास अपलोड लागतो, १ एमबीपीएसच्या अपलोडमध्ये हे थोडं नाही, आणि फिल्टर जुन्या पावत्या गाळून नवीन तेवढी पाठवतो. पीईपी असेल तर या दोन्हींची गरज नाही, टीसीपी मोडेमपाशीच संपत असल्याने १०० चाच आकडा बरोबर बसतो.

पावसाळ्याची वेगळी सेटिंग

जून ते सप्टेंबर. सॅटेलाइटचे सिग्नल ज्या लहरींवर येतात त्यातल्या 'कू' बँडला आणि त्याहून जास्त 'का' बँडला मुसळधार पाऊस अडवतो. डीव्हीबी-एस२ या सॅटेलाइट मानकाचे मोडेम अशा वेळी आपोआप सावकाश पण पक्क्या पद्धतीवर उतरतात, कनेक्शन राहतं, वेग निम्मा किंवा त्याहून कमी होतो. आता तुमच्या एसक्यूएममध्ये उन्हाळ्यातला आकडा असेल तर रांग परत मोडेममध्ये गेली, सगळं मुसळ केरात. म्हणून दोन आकडे ठेवा, एक कोरड्या दिवसाचा आणि एक भर पावसात मोजलेला, आणि मृग लागला की दुसरा लावून टाका. थोडा वेग गेला तरी चालतो, पान अडकत नाही.

पाऊस नसताना पाकिटं गळत असतील तर प्रोटोकॉलला हात लावायच्या आधी वर चढून बघा. किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर वर्षभरातही हिरवा पडतो, त्याला पाणीरोधक टेप नीट गुंडाळा. भूस्थिर डिशचं तोंड दक्षिणेकडे आणि बरंच वर असतं, जीसॅट-११ साठी कोकणातून जवळपास ७० अंश, त्यामुळे लांबचा डोंगर आड येत नाही पण डोक्यावरचा माड नक्की येतो, आणि वाऱ्यात झावळ हलली की पिंग हलतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबर अखेरीला-ऑक्टोबर सुरुवातीला काही दिवस दुपारच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटं नेट जातं, तेव्हा काहीच करू नका, आपोआप येतं.

कोणाला प्रॉक्सीतून नेऊ नये

पॅक फाइलमध्ये अपवाद लिहायची सोय आहे, ती वापरा. बँकेच्या साइट डायरेक्ट जाऊ द्या, व्हीपीएसचा पत्ता बघून काही बँका लॉगिन अडवतात. व्हिडिओच्या साइटही डायरेक्ट, त्यांना लांब डाउनलोड असतो, फायदा थोडा आणि व्हीपीएसचा डेटा मात्र सगळा संपतो. घरातला प्रिंटर, कॅमेरा वगैरे अर्थातच डायरेक्ट. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बरेच पीसी असतील तर विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन लोकल नेटवर्कपुरतं चालू करा म्हणजे एकाने उतरवलेला अपडेट बाकीचे त्याच्याकडून घेतात, सॅटेलाइटवरून एकदाच येतो.

सगळं लावून झाल्यावर पायरी १ चं मोजमाप तसंच परत घ्या, त्याच साइट, त्याच वेळा, आणि एका वेळी एकच बदल करत जा. पहिला बाइट यायचा वेळ आणि १ एमबीच्या फाइलचा एकूण वेळ हे दोन आकडे बघा, स्पीड टेस्टचा एमबीपीएस तेवढाच राहील, तो बघून निराश होऊ नका. वाडीतल्या दुसऱ्या कुणी त्याच कंपनीचं नेट घेतलं असेल तर तुमची वही त्यांना द्या, मोडेम तोच असेल तर पीईपीचा, क्विकचा आणि पावसाळी आकड्याचा निकाल त्यांनाही बराचसा तसाच लागू पडेल.